बॉनेटखालचे शिक्के

मावसभावाला जुनी गाडी घ्यायची होती आणि मी नेमकी तेव्हा त्याच्याकडे जर्मनीत राहायला गेले होते, म्हणून त्याच्याबरोबर गाडी बघायला गेले. आवारात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक फोक्सवॅगन गोल्फ, दुसरी स्कोडा ऑक्टाव्हिया. स्कोडा आणि ऑडी या दोन्ही आज फोक्सवॅगनच्याच समूहातल्या कंपन्या. दोन्ही एकाच वर्षाच्या, इंजिन एकच, गिअरबॉक्सही एकच. ऑक्टाव्हियाचं रनिंग कमी होतं, सर्व्हिस बुकात पानोपानी शिक्के होते, डिकी तर ऐसपैस. पाऊस नुकताच थांबला होता आणि दोन्ही गाड्यांच्या टपावरून पाणी ओघळत होतं. भावानं गोल्फचं दार उघडून सोडलं आणि ते 'धप्प' असा जाड, दबका आवाज करत बसलं. "ऐकलंस ताई? याला म्हणतात गाडी." ऑक्टाव्हियाचं दारही त्यानं लावून पाहिलं, पण ते त्याच्या कानात शिरलं नाही, लक्ष गोल्फकडेच होतं. मग मी त्याला ऑक्टाव्हियाचं बॉनेट उघडायला लावलं. आतल्या रबरी पाइपवर, कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीवर, इग्निशन कॉइलवर बारीक अक्षरांत पार्ट नंबर होते आणि त्यांच्याशेजारी फोक्सवॅगनचं वर्तुळ आणि ऑडीच्या चार कड्या. त्यानं वाकून बघितलं, बोटानं धूळ पुसून पुन्हा बघितलं, सगळं मान्य केलं. आणि बॉनेट लावताना म्हणाला, "हो गं, सगळं तेच आहे. तरीपण स्कोडा ती स्कोडाच."

माझा हा भाऊ दिवसभर आकड्यांत काम करतो. पुराव्याशिवाय एक वाक्यही मान्य न करणारा माणूस. म्हणूनच त्याचं ते 'तरीपण' माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या बाबांना इंजिनाचा कान होता. लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर ते त्यासाठी वेगळा ठेवायचे. इंजिन चालू ठेवून त्याचं टोक ब्लॉकवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. लहानपणी त्यांनी मलाही ते करून बघायला दिलं. तापलेल्या ऑइलचा आणि रबराचा वास नाकात गेला होता, मूठ थरथरत होती आणि आधी नुसताच गोंगाट ऐकू आला. मग बाबांनी टोक बोटभर सरकवलं आणि त्या गोंगाटातून एक बारीक टिकटिक सुटी झाली. "हा टॅपेट," ते म्हणाले. आणखी थोडं सरकवलं, तर एक गोल घरघर. "हे पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. अजून चालेल, पण फार नाही." त्यांना कुणी विचारलं की कुठल्या कंपनीची गाडी घेऊ, तर ते उलट विचारायचे, कुठलं इंजिन, कुठल्या वर्षाचं, आधी कुणाच्या हातात होती? कंपनीच्या नावावर त्यांनी कधी गाडीची स्तुती केली नाही की तिला नावं ठेवली नाहीत. माझा ओढा साहजिकच त्यांच्या बाजूनं आहे. गाडी बंद पडते तेव्हा तिचं नाव बंद पडत नाही, एखादी चेन सैल होते, एखादं सील गळतं. पण मग नाव म्हणजे काहीच नाही का? एवढे लाखो लोक काय उगाच एका नावावर विश्वास ठेवतात आणि दुसऱ्यावर नाही?

स्कोडाची सुरुवातच मुळी बिघडलेल्या वाहनाच्या तक्रारीतून झाली आहे. ही कंपनी मला जवळची वाटते, त्याचं मोठं कारण ही गोष्ट. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, म्लादा बोलेस्लाव्ह या गावात वाक्लाव्ह क्लेमेंट नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्यानं जर्मन बनावटीची एक सायकल घेतली आणि ती बिघडली. दुरुस्तीसाठी त्यानं कंपनीच्या शाखेला पत्र लिहिलं, आपल्या भाषेत, म्हणजे चेकमध्ये. उत्तर आलं की काही कळावं अशी अपेक्षा असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. क्लेमेंटनं ते मनाला लावून घेतलं. वाक्लाव्ह लॉरिन या मेकॅनिकला हाताशी धरलं आणि १८९५ मध्ये दोघांनी स्वतःच सायकली बनवायला घेतल्या. १८९९ मध्ये मोटरसायकली आल्या, १९०५ मध्ये पहिली मोटार. पुढे १९२५ मध्ये प्लझेनच्या अवाढव्य स्कोडा कारखान्यानं लॉरिन आणि क्लेमेंटला आपल्यात घेतलं आणि गाड्यांना आजचं नाव मिळालं. मला या सगळ्यात तो कागद सारखा दिसतो, तक्रारीला आलेलं ते उत्तर. क्लेमेंटला सायकल मोडल्याचा राग आला असेलच, पण त्यानं कारखाना काढला तो त्या उत्तरामुळे. ज्याची गाडी कधी ना कधी आडरस्त्यावर बंद पडली आहे त्याला हा फरक लगेच कळेल.

माझी स्वतःचीही अशी एक रात्र आहे. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, त्याला महत्त्व नाही. हमरस्त्यावर, अंधारात, चढावर इंजिन एकदम लंगडायला लागलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा फडफडायला लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी जागची हलेना. एका सिलिंडरची कॉइल गेली होती. मुठीत मावेल एवढा भाग. शेजारून ट्रक गेला की अख्खी गाडी हलायची. मागच्या सीटवर आई बसली होती आणि तिला काळजी वाटू नये म्हणून मी उगाच मोबाइलवर काहीतरी वाचत असल्यासारखं दाखवत होते. तो भाग बदलून गाडी पुन्हा पहिल्यासारखी चालली, पुढे बरीच वर्षं चालली. पण त्यानंतर प्रत्येक चढावर माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जरा हलकाच पडायचा आणि कान इंजिनाकडे असायचे. त्या गाडीची आणि माझी जी मोकळीक होती ती परत आली नाही. नाव खराब होतं ते असं, एकेका माणसाच्या एकेका रात्रीतून. हे मला कळतं आणि म्हणूनच भावाच्या 'तरीपण'वर मला हसता येत नाही.

कारण स्कोडाचं नाव खराब झालं त्याला कारणं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनी सरकारजमा झाली. चेकोस्लोव्हाकियातले इंजिनिअर काही कमी नव्हते. १९६४ मध्ये आलेल्या १००० एमबी या गाडीचा इंजिन ब्लॉक दाबाखाली ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा होता आणि त्या काळी ते धाडसाचं काम होतं. पण पैसा, यंत्रं आणि परवानग्या सगळं वरून यायचं आणि उशिरा यायचं. बाकी युरोपानं इंजिन पुढे आणि पुढच्याच चाकांना ताकद हा मार्ग धरला, तरी स्कोडाचं इंजिन ऐंशीच्या दशकातही मागेच होतं. १९७६ च्या १०५ आणि १२० या मॉडेलांमध्ये रेडिएटर पुढे आणला, इंजिन मागेच राहिलं, म्हणजे पाण्याचे पाइप गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात हवा अडकली की इंजिन तापायचं आणि तापलं की हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या सीलवर, यायचं. या गाड्या ब्रिटनमध्ये स्वस्त म्हणून खपल्या आणि स्वस्त म्हणूनच त्यांची चेष्टा झाली. स्कोडाच्या मागच्या काचेला हीटर का असतो? ढकलताना हात गरम राहावेत म्हणून. स्कोडाची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी फुल्ल करून. एका अख्ख्या पिढीनं हे विनोद शाळेच्या मैदानात ऐकले आणि ज्यांनी ती गाडी कधी बघितलीही नव्हती त्यांनाही ते पाठ होते. त्याच काळात, १९७७ मध्ये, याच मागच्या इंजिनाच्या घराण्यातली १३० आरएस माँटे कार्लो रॅलीत आपल्या गटात पहिली आली. बर्फाच्या घाटांतून रात्र रात्र पळवून टिकली. पण विनोद सांगणाऱ्यांपर्यंत ती बातमी पोचली नाही, पोचली तरी चिकटली नाही.

विनोद चिकटतो. रॅलीचा निकाल दुसऱ्या दिवशी शिळा होतो.

१९८७ मध्ये फेव्हरिट आली. इटलीच्या बर्टोनेनं आखलेलं अंग, इंजिन एकदाचं पुढे. साम्यवादी राजवट कोसळल्यावर कंपनीला भागीदार हवा होता. रेनो आणि फोक्सवॅगन दोघेही दारात होते आणि १९९१ मध्ये फोक्सवॅगननं ती पटकावली. त्यानंतरची काही वर्षं मला फार हृद्य वाटतात, कारण नवीन मालकानं जुना कारखाना पाडून आपला बांधला असं झालं नाही. त्याच माणसांनी, त्याच गावात, आधी फेव्हरिटच दुरुस्त केली. वेल्डिंग, गंजरोधन, सील, वायरिंग, अशा कितीतरी सुधारणा एकामागून एक केल्या. १९९४ मध्ये तिचीच फेलिशिया झाली. आणि १९९६ मध्ये ऑक्टाव्हिया बाजारात आली ती ज्या प्लॅटफॉर्मवर, त्यावरची गोल्फ त्यानंतर १९९७ मध्ये आली. म्हणजे पुढे जिच्या दाराच्या आवाजाला लोक कान लावणार होते तिचा सांगाडा आधी म्लादा बोलेस्लाव्हच्या कामगारांच्या हाताखालून गेला. तरीही ब्रिटनमध्ये २००० साली कंपनीला जाहिराती कराव्या लागल्या त्या अशा, की लोकांना समोरची सुंदर गाडी स्कोडा आहे हे पटतच नाही. आपल्या नावाची लाज लोकांसमोर मांडून तिथून सुरुवात करायची, याला मोठं मन लागतं. गाडी सुधारून कितीतरी वर्षं झाली होती. नाव अजून मागच्या इंजिनाच्या गाडीतच बसलेलं होतं.

आता त्या दाराकडे येते. बंद होताना गाडीचं दार जो आवाज करतं तो ठरवून बनवलेला असतो. कुलपाच्या खटक्याचं वजन, चौकटीतल्या रबरी सीलची जाडी, पत्र्याच्या आतून चिकटवलेला डांबरी थर, या सगळ्यांचा मिळून तो 'धप्प' होतो. फर्डिनांड पिएख फोक्सवॅगनचे प्रमुख होते त्या काळात, १९९३ ते २००२, पत्र्यापत्र्यांमधल्या फटी किती बारीक असाव्यात यावर त्यांचा विलक्षण कटाक्ष असे आणि १९९७ ची ती चौथ्या पिढीची गोल्फ त्या कटाक्षाचं अपत्य होती. आत बसलं की बोटांना लागणारं मऊ प्लास्टिक, वर धरायची मूठ सोडली की तिचं सावकाश मागे जाणं, रात्री डायलचा निळा उजेड. मला ती गाडी मनापासून आवडते. पण त्याच सुंदर दाराच्या आत काच धरून ठेवणारा प्लास्टिकचा एक क्लिप होता, आणि तो तुटला की काच सरळ दाराच्या पोटात जाऊन पडायची. खिडकी उघडी, बाहेर पाऊस. त्या काळच्या गोल्फवाल्यांत हे इतकं घडलं की मेकॅनिक लोकांना दाराचं पॅनल न बघता काढता यायला लागलं असावं. दाराचा आवाज सीलबद्दल खरं सांगतो. क्लिपबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि तरी त्या पिढीच्या गोल्फचं नाव दर्जासाठीच घेतलं जातं, तेव्हाही आणि आजही.

फोक्सवॅगनच्या नावाला ही पुण्याई कुठून आली हे बघायला थोडं मागे जावं लागतं. युद्धानंतर मोडक्या वोल्फ्सबुर्ग कारखान्यातून बीटल बाहेर पडायला लागली आणि १९४८ पासून हाइन्रिश नोर्डहॉफ यांनी तिथला कारभार हाती घेतला. परदेशात गाडी विकायची तर आधी तिथे सुटे भाग आणि शिकलेले मेकॅनिक पोचले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. बीटल काही न बिघडणारी गाडी नव्हती. पण बिघडली की तिचा पार्ट मिळायचा, तो बसवणारा माणूस मिळायचा आणि काम झालं की ती निघायची. दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बीटल बनल्या, शेवटची २००३ मध्ये मेक्सिकोत. लोकांना जे 'जर्मन मजबुती' म्हणून आठवतं त्यातला मोठा वाटा, माझ्या मते, त्या सर्व्हिसच्या जाळ्याचा आहे. तक्रारीला उत्तर मिळत होतं.

आणि मग दोन्ही नावांखाली एकच यंत्रं जायला लागली, चांगलीही आणि वाईटही. १.९ टीडीआय हे डिझेल इंजिन घ्या. चालू केलं की ट्रॅक्टरच्या जवळ जाणारा खडखडाट, पण टॅक्सीवाल्यांनी त्यावर लाखो किलोमीटर काढले, गोल्फमध्येही आणि ऑक्टाव्हियामध्येही. दुसरीकडे १.२ टीएसआय. २००९ च्या सुमाराला आलेलं छोटं, तरतरीत पेट्रोल इंजिन. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, ताणली जायची, टेन्शनर तिला पुरेसा ताणून धरत नसे. थंडीत सकाळी पहिला सेल मारला की दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खळखळाट आणि मग शांत. मालक म्हणायचा, थंड आहे म्हणून होत असेल. पण ते तीन सेकंद म्हणजे चेन दातांवरून उडी मारायच्या बेतात असल्याची खूण असू शकते, आणि उडी मारली की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात, इंजिन संपतं. बाबा असते तर त्यांना स्क्रूड्रायव्हरही लागला नसता. २०१२ पासून आलेल्या पुढच्या पिढीच्या इंजिनात कंपनीनं चेन काढून बेल्टच घातला. १.८ टीएसआयची एक पिढी ऑइल प्यायची, कारण पिस्टनच्या रिंगा पातळ होत्या आणि ऑइल परत खाली जायची भोकं कार्बननं बुजायची. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी तर २०१३ मध्ये कंपनीला सोळा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यातलं सिंथेटिक ऑइल उष्ण आणि दमट हवेत विजेच्या भागांना बाधत होतं, म्हणून ते काढून मिनरल ऑइल भरलं. भारी ऑइल काढून साधं भरलं आणि दोष गेला, हे वाचून मला कितीतरी वेळ विचार पडला होता.

हे सगळं गोल्फमध्ये होतं, ऑक्टाव्हियात होतं, समूहातल्याच सेआट या स्पॅनिश कंपनीच्या गाड्यांत होतं, ऑडीतही होतं. शिक्के तेच. म्हणून कुणी जेव्हा म्हणतं की स्कोडावर भरवसा नाही किंवा स्कोडा एकदम भरवशाची, तेव्हा मला दोन्ही वाक्यं अर्धवट वाटतात. २०११ ची १.२ टीएसआय आणि २०१५ ची १.२ टीएसआय यांचं नाव एक, डिकीवरची अक्षरं एक, पण चेनच्या जागी बेल्ट आला की यंत्र वेगळं झालं.

मोजणाऱ्यांचंही असंच आहे. जर्मनीत एडीएसी या वाहनधारकांच्या संघटनेच्या पिवळ्या गाड्या रस्त्यात अडकलेल्यांच्या मदतीला धावतात आणि त्या नोंदींवरून दरवर्षी कुठली गाडी किती बंद पडते ते जाहीर होतं. त्यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण बॅटरी. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही. टीयूव्ही या तपासणी संस्थेचा अहवाल गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीतून येतो, म्हणून त्यात दिवे, ब्रेक डिस्क, सस्पेन्शन असले दोष दिसतात. भरपूर ऑइल पिणारं इंजिन त्यातून सुटून जाऊ शकतं. आणि जे.डी. पॉवर ही पाहणी करणारी अमेरिकी कंपनी मालकांनाच विचारते, दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी. तिथे ब्लूटूथ न जुळणं हीसुद्धा एक तक्रार आणि गिअरबॉक्स जाणं हीसुद्धा एकच. या तिन्हींना खोटं म्हणणार नाही. पण घरी बसून एखादा आकडा दाखवत 'बघ, हे घे' म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, हा आकडा कुणी, कशातून काढलाय?

तर त्या जे.डी. पॉवरच्या ब्रिटनमधल्या पाहणीत २०१५ च्या उन्हाळ्यात पहिला नंबर आला स्कोडाचा. ज्या देशात मागच्या काचेचे विनोद जन्मले त्याच देशातल्या मालकांनी, एक ते तीन वर्षं गाडी वापरून, हिच्याबद्दल सगळ्यात कमी तक्रारी सांगितल्या. म्लादा बोलेस्लाव्हमध्ये त्या दिवशी किती आनंद झाला असेल! शंभर वर्षांहून जास्त जुन्या कारखान्याला चेष्टेची तीस-चाळीस वर्षं पुसून मिळालेली पावती. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं फोक्सवॅगनवर आरोप ठेवला की तिच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर फसवतं. स्टीअरिंग वळत नाही, वेग ठरलेल्या पट्टीत चढउतार करतोय, म्हणजे ही प्रयोगशाळेतली चाचणी आहे, हे ते ओळखायचं आणि तेवढ्यापुरती धुराची सगळी काळजी घ्यायचं. रस्त्यावर आली की सोडून द्यायचं. नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या आणि त्यात सुमारे १२ लाख स्कोडा.

त्या १२ लाखांतली एकही गाडी या दोषामुळे रस्त्यात बंद पडली नव्हती. मला हे अजून पचत नाही. ऑक्टाव्हिया, सुपर्ब, येती, सकाळी चालू होत होत्या, मुलांना शाळेत पोचवत होत्या, मालक खूश होते, पाहणीत चांगलं लिहीत होते. दाराचा आवाज उत्तम होता. बाबांनी स्क्रूड्रायव्हर लावला असता तर त्यांनाही काही ऐकू आलं नसतं. खोट कुठल्याही बेअरिंगमध्ये नव्हती, ती लिहून घातलेली होती. आणि ज्या कारखान्यात ती गाडी जोडली गेली तिथल्या, दाराचं सील बसवणाऱ्या बाईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या कामाची पावती नुकतीच मिळाली होती. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं, आजही.

राग येतो तो पुढच्या भागाचा. अमेरिकेत २०१६ मध्ये १४.७ अब्ज डॉलरचा समझोता झाला आणि सुमारे पावणेपाच लाख गाड्यांच्या मालकांना गाडी परत द्यायची मुभा मिळाली, वर भरपाई. युरोपातल्या मालकांना मिळालं सॉफ्टवेअरचं अपडेट. १.६ लिटरच्या इंजिनाला त्याशिवाय हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी बसवायची प्लास्टिकची छोटी जाळी. तेवढंच. अपडेटनंतर गाडी अडखळते, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह चोक होतो, अशा तक्रारी कित्येकांनी केल्या. आपल्याला फसवलं गेलं होतं हे कायद्याच्या भाषेत ऐकायला जर्मन मालकांना मे २०२० पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा कुठे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलं की कंपनीनं जाणूनबुजून ग्राहकांना फसवलं आणि गाडी परत करून पैसे मागता येतील, वापरलेल्या किलोमीटरचे वजा करून. क्लेमेंटला आलेलं पत्र मला इथे आठवल्यावाचून राहत नाही. सायकल बिघडते, सॉफ्टवेअर खोटं बोलतं, मालक लिहितो, आणि पलीकडून काय येतं, त्यावर मी कंपनी जोखते. या कसोटीवर त्या काही वर्षांत मूळ जर्मन नाव मला फार खाली गेलेलं दिसलं आणि त्याच्या सावलीत, स्वतःच्या कुठल्याही जुन्या पापाशिवाय, स्कोडाही.

भावाला मी हे सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात बसून, बराच वेळ. तो म्हणाला, "ताई, मग तुझ्या हिशेबानं गोल्फवर विश्वास ठेवायला कारण कमी आहे आणि तरी मला गोल्फच हवीशी वाटते. याचं काय करायचं?" त्याला काय सांगणार? हवंसं वाटणं मलाही कळतं. चौथ्या पिढीची गोल्फ रस्त्यात दिसली की मीही वळून बघते, तिच्या क्लिपचं माहीत असून.

सध्या मला काळजी वाटते ती वेगळीच. म्लादा बोलेस्लाव्हमध्ये आता एन्याक ही विजेवरची गाडी बनते, त्याच शहरात जिथे लॉरिन हातानं सायकली जोडायचा. विजेच्या मोटरला टॅपेट नाहीत, टायमिंग चेन नाही, ऑइल पिणाऱ्या रिंगा नाहीत. रस्त्यात बंद पडायची बहुतेक जुनी कारणं गेली. एडीएसीच्या नोंदीत विजेच्या गाड्याही सगळ्यात जास्त अडतात त्या बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीपायी. नवीन तक्रारी पडद्याच्या आहेत, अपडेटच्या आहेत. फोक्सवॅगनची आयडी ३ तर २०२० मध्ये काही सुविधा नंतर येतील या बोलीवर ग्राहकांच्या हाती दिली गेली. फेव्हरिट आजही एखादा माणूस पाना आणि पक्कड घेऊन अंगणात उभी करू शकतो, तिचे पार्ट मिळतात, तिच्यातलं सगळं दिसतं. एन्याकला पंधरा वर्षं होतील तेव्हा तिच्या पडद्यामागचं सॉफ्टवेअर कोण सांभाळत असेल, तिच्या मालकानं लिहिलेल्या तक्रारीला उत्तर द्यायला कुणाला नेमलेलं असेल, हे मला आज गाडी विकणाऱ्यांकडून लेखी हवं आहे. भावालाही मी तेच सांगितलंय. पुढची गाडी विजेची घेशील तेव्हा रेंज नंतर विचार, आधी हे विचार आणि उत्तर कागदावर घे.